डिजिटल फॉरेन्सिक्स शिकताना: बाइटपासून उलटतपासणीपर्यंत

संगणकशास्त्राची किंवा न्यायसहायक विज्ञानाची पदवी घेऊन डिजिटल फॉरेन्सिक्सच्या पदव्युत्तर अभ्यासाकडे वळणारे बहुतेक विद्यार्थी सुरुवातीला टूलांची यादी मागतात. यादी मिळते, टूलं उतरवून घेतली जातात, दोन महिन्यांत कुठलं बटण कुठे आहे ते पाठ होतं. मग कुणीतरी विचारतं, “ही फाइल आरोपीनेच उघडली, हे तुम्ही कशावरून म्हणता?” आणि सगळं तिथे अडतं. हा लेख त्या प्रश्नाच्या तयारीसाठी आहे. डिस्कवरच्या बाइटांपासून न्यायालयातल्या वाक्यापर्यंतचा रस्ता, मधली एकही पायरी न गाळता, दुसऱ्या कुणालाही पुन्हा तपासता येईल असा मांडायचा, हेच या विषयात शिकायचं. टूल त्या रस्त्यावर मदत करतं, पण साक्षीदाराच्या पिंजऱ्यात टूल उभं राहत नाही, तुम्ही राहता.

आधी कायदा, मग कीबोर्ड

तांत्रिक पार्श्वभूमीचे विद्यार्थी कायद्याचा पेपर शेवटी वाचतात. मी तो पहिल्या आठवड्यात वाचायला सांगतो, कारण पुढचं सगळं काम त्याच चौकटीत बसवायचं असतं.

१ जुलै २०२४ पासून १८७२ च्या पुरावा कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ ने घेतली. इलेक्ट्रॉनिक पुरावा कसा ग्राह्य धरायचा हे सांगणाऱ्या जुन्या कलम ६५-बीचं काम आता कलम ६३ करतं. त्यासोबतच्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत: पहिला भाग पुरावा हजर करणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात हॅश मूल्य, म्हणजे डेटावरून गणिताने काढलेला त्याचा ठसा, आणि ते कोणत्या पद्धतीने काढलं हे नमूद करावं लागतं. तुम्ही लॅबमध्ये काढलेली अक्षर-अंकांची लांबलचक ओळ थेट न्यायालयाच्या कागदावर जाते, हे एकदा लक्षात आलं की हॅश उतरवून घेताना हात आपोआप जपून चालतो.

शेजारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची दोन कलमं ठेवा. कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं दृक्‌श्राव्य चित्रीकरण करायचं असतं. कलम १७६(३) सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद करतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९-ए खाली केंद्र सरकार इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे परीक्षक अधिसूचित करतं. याच कायद्याची कलमं ४३ आणि ६६ विद्यार्थ्याने स्वतःसाठीही वाचावीत. मित्राचा फोन, कॉलेजचा संगणक, दुकानातून आणलेली जुनी हार्ड डिस्क यांवर मालकाच्या परवानगीशिवाय सराव करायचा नाही. शिकण्यासाठी केलं, हे उत्तर कायद्यापुढे टिकत नाही.

एक निकाल मात्र मुळातून वाचाच, आणि तो आपल्या जालन्याचा आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचे प्रतिस्पर्धी कैलास गोरंट्याल यांनी उच्च न्यायालयात धाव घेतली. आक्षेप असा, की उमेदवारी अर्ज दुपारी ३ ची मुदत उलटल्यावर स्वीकारला गेला. पुरावा होता निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रीकरण. चित्रीकरणाच्या सीडी मिळाल्या, पण वारंवार मागूनही ६५-बीचं प्रमाणपत्र मिळेना. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की प्रतीवर आधारलेल्या इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मूळ उपकरणच त्याच्या मालकाने साक्षीत हजर केलं तर ते लागत नाही. आणि पक्षकाराने हातात होतं ते सगळं करूनही संबंधित अधिकारी प्रमाणपत्र देत नसेल, तर त्या पक्षकाराला त्यापायी शिक्षा होऊ नये. हा निकाल वाचताना कडेला टिपा काढा: मूळ कोणतं, प्रत कोणती, ताबा कुणाकडे होता. पुढे प्रत्येक केसमध्ये हेच तीन प्रश्न विचारायचे आहेत.

लॅब उभी करणं

यावर फार वेळ घालवू नका. १६ जीबी रॅमचा लॅपटॉप, बाहेरून जोडायची १ टीबीची एसएसडी आणि व्हर्च्युअलबॉक्स (एका संगणकात दुसरा आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) एवढ्यावर वर्षभराचा सराव होतो. एका व्हर्च्युअल मशिनवर उबुंटू आणि त्यात द स्लूथ किट; दुसऱ्यावर विंडोज आणि त्यात ऑटोप्सी, एफटीके इमेजर, एरिक झिमरमन यांची छोटी टूलं. डिस्क तपासण्याची ही सगळी टूलं विनामूल्य मिळतात. तिरुवनंतपुरमच्या सीडॅक या सरकारी संगणन संस्थेने बनवलेलं सायबरचेक हे तपासणीचं सॉफ्टवेअर आपल्याकडच्या तपास यंत्रणा वापरतात, त्याची ओळख संस्थेच्या लॅबमध्ये करून घ्या. महागडी व्यावसायिक सॉफ्टवेअरं नोकरीत शिकायला मिळतील, त्यांच्यासाठी अडून बसू नये.

पहिला महिना: हेक्स एडिटर

हेक्स एडिटर फाइलचा एकेक बाइट जसाच्या तसा दाखवतो. इथे घाई केली की पुढे प्रत्येक ठिकाणी ठेच लागते, म्हणून हा भाग सविस्तर सांगतो.

लिनक्सवर डीडी ही बाइट कॉपी करणारी आज्ञा वापरून १०० एमबीची शून्यांनी भरलेली फाइल बनवा. तिच्यावर एफएटी३२ फाइल सिस्टिम तयार करा, माउंट करा (म्हणजे ड्राइव्हसारखी जोडा), आणि तीन फाइली कॉपी करा: एक मजकूर, एक फोटो, एक पीडीएफ. अनमाउंट करून या फाइलची प्रत काढून ठेवा. पुन्हा माउंट करून फोटो डिलीट करा, अनमाउंट करा. आता दोन्ही अवस्था हेक्स एडिटरमध्ये शेजारी शेजारी उघडा.

डिरेक्टरीमधल्या नोंदीत फोटोच्या नावाचा पहिला बाइट बदलून ई५ झालेला दिसेल. एफएटी तक्त्यातली त्याची साखळी (फाइल कोणकोणत्या जागांवर आहे याची नोंद) शून्य झालेली दिसेल. आणि फोटोचा मूळ डेटा, म्हणजे एफएफ डी८ एफएफ या बाइटांपासून सुरू होणारा जेपीईजी, जागच्या जागी तसाच असेल. “डिलीट केलेली फाइल परत कशी मिळते?” याचं उत्तर तुम्हाला आता डोळ्यांनी दिसलेलं आहे. पुढची पायरी: त्याच जागी एक लहान फाइल लिहून बघा. जुन्या फोटोचा काही भाग नव्या फाइलच्या शेवटच्या क्लस्टरमध्ये (डिस्कवर जागा वाटून देण्याचं एकक) शिल्लक राहिला आहे का, ते शोधा. त्या उरलेल्या जागेला स्लॅक म्हणतात, आणि खऱ्या केसमध्ये तिथे जुन्या पत्रांचे तुकडे सापडतात.

मग हाच प्रयोग एनटीएफएस या विंडोजच्या नेहमीच्या फाइल सिस्टिमवर करा. तिथे मास्टर फाइल टेबल असतं, साधारणपणे प्रत्येक फाइलसाठी १०२४ बाइटांची एक नोंद, आणि ती नोंद ‘फाइल’ या इंग्रजी चार अक्षरांनी सुरू होते. पाच-सहा ओळींची मजकूर फाइल बनवा आणि तिचा मजकूर कुठे आहे ते शोधा. तो वेगळ्या क्लस्टरमध्ये सापडणार नाही, त्या नोंदीच्या पोटातच सापडेल, कारण लहान फाइल एनटीएफएस तिथेच ठेवतं. प्रत्येक नोंदीत वेळेचे दोन संच असतात: एक वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमला सहज बदलता येतो, दुसरा मुख्यतः सिस्टिम स्वतः सांभाळते. कुणी फाइलची तारीख मागे नेली असेल तर या दोन संचांत विसंगती दिसू शकते. दोन्ही संच हाताने वाचायला शिका. टूल ते एका चौकटीत दाखवतं, पण उलटतपासणीत चौकट कुठून आली ते विचारलं जातं.

इमेज आणि हॅश

मुद्देमालाच्या मूळ माध्यमावर कधीही काम करायचं नाही. त्याची बाइटन् बाइट प्रत, म्हणजे इमेज काढायची आणि इमेजच्याही प्रतीवर काम करायचं. सराव स्वतःच्या जुन्या पेनड्राइव्हवर करा, पण शिस्त खऱ्या जप्तीची ठेवा. आधी फोटो, कंपनी, मॉडेल, अनुक्रमांक. मग राइट ब्लॉकर, म्हणजे माध्यमावर काहीही लिहिलं जाऊ न देणारी सोय. हार्डवेअरचा नसेल तर माध्यम फक्त वाचण्यापुरतं जोडण्याची सोय लिनक्समध्ये आहे, तसं नोंदवहीत लिहा. मग इमेज, शक्यतो ई०१ प्रकारात, कारण त्यात केसचा तपशील आणि तपासणीची मूल्यं सोबत राहतात. इमेज काढल्यावर पडताळणी करा आणि दोन्ही हॅश जुळल्याची नोंद वेळेसह करा. चेन ऑफ कस्टडीच्या, म्हणजे ताब्याच्या साखळीच्या, तक्त्यात कुणी दिलं, कुणी घेतलं, कधी, सील कसं होतं, हे रकाने रिकामे ठेवायचे नाहीत.

हॅशबद्दल एक प्रश्न हमखास येतो, त्याचं उत्तर आत्ताच तयार करा. एमडी५ मध्ये टक्कर होऊ शकते, म्हणजे दोन वेगळ्या फाइलींचं मूल्य एकच येऊ शकतं, हे २००४ मध्ये दाखवलं गेलं. एसएचए-१ ची अशी टक्कर २०१७ मध्ये गूगल आणि अॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेने करून दाखवली. मग बचाव पक्षाचे वकील म्हणतील, तुमची हॅश निरर्थक आहे. फरक असा: मुद्दाम दोन फाइली बनवून त्यांची मूल्यं जुळवणं शक्य झालं आहे, पण आधीपासून अस्तित्वात असलेल्या, हॅश नोंदवलेल्या डिस्कमध्ये बदल करून तीच हॅश परत मिळवणं ही वेगळी आणि कितीतरी अवघड गोष्ट आहे. वाद टाळायचा तर एसएचए-२५६ ही काढा आणि दोन्ही लिहा.

एसएसडी असेल तर आणखी एक सावधगिरी. ट्रिम (रिकाम्या झालेल्या जागा डिस्कला कळवणारी आज्ञा) आणि आतल्या सफाईमुळे डिलीट केलेला डेटा ती स्वतःहून पुसते, आणि वीज मिळाली की राइट ब्लॉकर लावलेला असतानाही हे काम चालू राहू शकतं. जुन्या पुस्तकांतली “डिलीट म्हणजे गेलं नाही” ही खात्री एसएसडीला जशीच्या तशी लावू नका.

एक पूर्ण केस: बेवारस डेल लॅपटॉप

अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने सरावासाठी इमेजींचा संग्रह खुला ठेवला आहे. त्यातली ‘हॅकिंग केस’ जुनी आहे, विंडोज एक्सपीची आहे, म्हणून काही शिक्षक ती टाळतात. मला तीच पहिली केस म्हणून योग्य वाटते. इमेज लहान आहे, साध्या लॅपटॉपवर चालते, आणि प्रश्न नेमके आहेत.

कथानक असं: सप्टेंबर २००४ मध्ये एक डेल लॅपटॉप बेवारस सापडला, सोबत वायरलेस कार्ड आणि घरी बनवलेला अँटेना. ग्रेग शार्ट नावाच्या काल्पनिक संशयितावर आरोप आहे की तो ‘मिस्टर ईव्हिल’ या टोपणनावाने वायफायच्या टापूत गाडी लावून लोकांचे पासवर्ड आणि क्रेडिट कार्डांचे क्रमांक उचलत होता. लॅपटॉप त्याचाच, हे दाखवायचं आहे.

टूल उघडण्याआधी कागदावर प्रश्न लिहा. हा संगणक कुणाच्या नावाने नोंदवला आहे? खाती कोणती? कुठलं खातं जास्त वापरलं गेलं? हॅकिंगची कोणती सॉफ्टवेअरं आहेत, ती नुसती आहेत की चालवली गेली? प्रत्येक प्रश्नासमोर, उत्तर कुठे सापडू शकेल आणि ते खोटं ठरवणारी गोष्ट कोणती असेल, हेही लिहा. हा दुसरा रकाना विद्यार्थी सोडून देतात, आणि खरा अभ्यास तिथेच असतो.

मग पहिलं काम: इमेजची हॅश काढून दिलेल्या मूल्याशी ताडणं. त्यानंतर रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांचा साठा; तिच्या फाइलींना हाइव्ह म्हणतात. सॉफ्टवेअर हाइव्हमध्ये नोंदणीकृत मालक म्हणून ग्रेग शार्ट हे नाव मिळतं. खात्यांची माहिती ठेवणाऱ्या सॅम हाइव्हमध्ये मिस्टर ईव्हिल हे खातं मिळतं. पण एका ठिकाणी एक नाव, दुसऱ्या ठिकाणी दुसरं, यावरून दोघे एकच असं म्हणता येतं का? घाई करू नका. ‘लुक अॅट लॅन’ या नेटवर्क टूलच्या फोल्डरमध्ये एक आयएनआय फाइल आहे. त्या एकाच फाइलमध्ये नोंदणीकृत मालक ग्रेग शार्ट आणि लॅनचा वापरकर्ता मिस्टर ईव्हिल, दोन्ही नावं एकत्र येतात, सोबत आयपी पत्ताही. केसचा सांधा इथे जुळतो.

तरीही अहवालात काय लिहाल? “ग्रेग शार्ट याने हॅकिंग केलं” असं नाही. विंडोज बसवताना मालकाच्या रकान्यात कुणीही कुणाचंही नाव टाकू शकतो. लिहायचं ते असं: या संगणकावरील विंडोजची नोंदणी ग्रेग शार्ट या नावाने आहे, आणि मिस्टर ईव्हिल हे खातं त्याच संगणकावर वापरलं गेलं. कीबोर्डवर बोटं कुणाची होती, हे ठरवायला इतर पुरावा लागतो: साक्षीदार, सीसीटीव्ही, बोटांचे ठसे.

याच इमेजमध्ये इथिरियल या टूलने पकडलेल्या नेटवर्क वाहतुकीची एक फाइल आहे. इथिरियलचं नाव २००६ पासून वायरशार्क झालं. ती फाइल वायरशार्कमध्ये उघडा आणि ज्याची वाहतूक पकडली गेली तो कोणतं उपकरण वापरत होता, कोणत्या साइटवर होता, ते शोधा. उत्तर सांगत नाही. रिसायकल बिनमध्येही काही प्रोग्रॅम पडलेले आहेत. ते खरोखर डिलीट झाले आहेत की नाहीत, याचं उत्तर नोंदींवरून द्या.

वेळ

विद्यार्थ्यांच्या अहवालांत सगळ्यात जास्त चुका वेळेच्या असतात, म्हणून वरच्याच केसमधलं एक उदाहरण पूर्ण सोडवू. रजिस्ट्रीत विंडोज बसवल्याची वेळ १०९२९५५७०७ अशी आहे. ही १ जानेवारी १९७० पासून मोजलेल्या सेकंदांची संख्या. रूपांतर केलं की १९ ऑगस्ट २००४, २२:४८:२७ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) मिळते. संगणक अमेरिकेच्या मध्य विभागाच्या वेळेवर होता, उन्हाळी वेळ चालू होती, म्हणजे स्थानिक वेळ त्याच दिवशी १७:४८:२७. पण तुमच्या लॅपटॉपवरचं टूल भारतीय वेळ दाखवत असेल तर पडद्यावर २० ऑगस्ट, पहाटे ४:१८:२७ दिसेल. तारीखच बदलली. तुम्ही ती तशीच अहवालात उतरवली, तर वकिलाला पहिल्या पानावरच धागा मिळतो.

भारतातल्या केसमध्ये हे उलट बाजूने होतं. रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळेत घडलेली प्रत्येक गोष्ट यूटीसीमध्ये आदल्या दिवसाच्या तारखेने नोंदलेली असते. त्यातच सगळ्या नोंदी एका घड्याळाच्या नसतात. एनटीएफएस १ जानेवारी १६०१ पासून १०० नॅनोसेकंदांच्या एककात, यूटीसीमध्ये मोजतं. एफएटी स्थानिक वेळ ठेवतं, आणि बदलाची वेळ दोन सेकंदांच्या टप्प्याने. पेनड्राइव्ह पहिल्यांदा कधी लावला ते सांगणारी सेटअप एपीआयची लॉग फाइल स्थानिक वेळेत असते, तर त्याच पेनड्राइव्हची रजिस्ट्रीतली वेळ यूटीसीत. दोन्ही एका तक्त्यात मांडताना साडेपाच तासांचा फरक विसरलात, तर पेनड्राइव्ह लावण्याआधीच फाइल कॉपी झाल्याचा चमत्कार अहवालात दिसेल.

म्हणून सवय लावा: तक्त्यात एक रकाना मूळ मूल्याचा, एक यूटीसीचा, एक भारतीय वेळेचा, आणि उपकरणाचं घड्याळ जप्तीच्या वेळी खऱ्या वेळेपेक्षा किती पुढे-मागे होतं त्याची वरती एक ओळ. एक छोटा प्रयोगही करा. विंडोजवर जुनी फाइल दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करा आणि वेळा पाहा. बदलाची वेळ जुनीच राहते, निर्मितीची वेळ मात्र कॉपी केल्या क्षणाची होते. निर्मिती नंतर, बदल आधी, असं दिसलं की गोंधळू नका. ती बहुधा कॉपी केलेली फाइल आहे, आणि कित्येक डेटाचोरीच्या प्रकरणांत नेमकं हेच महत्त्वाचं ठरतं.

विंडोजच्या खुणा वाचताना

आता आधुनिक विंडोजकडे या. दहा खुणांची नावं पाठ करण्यापेक्षा प्रत्येक खूण काय सिद्ध करते आणि काय करत नाही, हे स्वतः प्रयोग करून लिहा. प्रीफेच फाइल प्रोग्रॅम चालल्याचं सांगते आणि विंडोज ८ पासून शेवटच्या आठ वेळा ठेवते. शिमकॅश या प्रोग्रॅमांच्या सुसंगततेच्या नोंदीत प्रोग्रॅमचं नाव असणं म्हणजे तो चालला असं नव्हे. विंडोज १० वर त्यावरून तसा निष्कर्ष काढणं धोक्याचं. शेलबॅग्ज कुठला फोल्डर उघडला गेला ते सांगतात, फोल्डर नंतर डिलीट झाला तरी. वापरकर्त्याने चालवलेल्या प्रोग्रॅमांची नोंद ठेवणाऱ्या यूझरअसिस्टमधली नावं अक्षरं तेरा घरं सरकवून लिहिलेली असतात, हेक्समध्ये पाहिलं की मजा वाटते. यूएसबी उपकरणाच्या अनुक्रमांकात दुसरं अक्षर ‘अँड’चं चिन्ह असेल तर तो क्रमांक उपकरणाचा नाही, विंडोजने तयार केलेला आहे; अशा वेळी “हाच पेनड्राइव्ह” असं ठामपणे म्हणता येत नाही. इव्हेंट लॉगमध्ये ४६२४ म्हणजे यशस्वी लॉगिन, ४६२५ म्हणजे फसलेलं, आणि ११०२ दिसला तर कुणीतरी सुरक्षा लॉग पुसला आहे.

निष्कर्ष कधीही एका खुणेवर उभा करू नये. फाइल उघडली गेली म्हणायचं असेल तर शॉर्टकट फाइल, जंप लिस्ट आणि प्रोग्रॅमची स्वतःची ‘अलीकडील फाइली’ची यादी, यांपैकी किमान दोन जुळल्या पाहिजेत.

चालू मशिन आणि मोबाइल

२००२ च्या आरएफसी ३२२७ या मार्गदर्शक दस्तऐवजात एक साधा नियम आहे: जे आधी नाहीसं होईल ते आधी गोळा करा. संगणक चालू असेल तर रॅम आधी. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल आणि तुम्ही सरळ वायर उपटली, तर किल्ली रॅमसोबत जाते. सरावासाठी व्हर्च्युअल मशिनमधल्या विंडोजची रॅम घ्या आणि व्होलॅटिलिटी ३ या रॅम तपासणाऱ्या टूलमध्ये उघडा. प्रक्रियांची यादी दोन पद्धतींनी काढा: एकदा सिस्टिमच्या यादीवरून, एकदा पूर्ण रॅम चाळून. दुसऱ्या यादीत आहे पण पहिल्यात नाही, अशी प्रक्रिया आधीच संपलेली किंवा लपवलेली असू शकते.

मोबाइलच्या बाबतीत फोन चालू असेल तर बंद करू नका. नेटवर्कपासून तोडा, सिग्नल अडवणाऱ्या फॅराडे पिशवीत ठेवा, चार्जिंग चालू ठेवा. बंद करून पुन्हा सुरू केलेल्या फोनमधला बराचसा डेटा पासकोड टाकेपर्यंत उघडतच नाही. अभ्यासासाठी अँड्रॉइडचा इम्युलेटर पुरतो. अॅपची माहिती बहुतेकदा एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये असते, आणि शेजारी ‘वॉल’ नावाची जोडफाइल असते. ताजे संदेश त्या जोडफाइलमध्ये असू शकतात. डेटाबेस नुसता उघडला तरी ती जोडफाइल मुख्य फाइलमध्ये रिकामी होऊ शकते, म्हणून दोन्ही फाइली एकत्र कॉपी करून प्रतीवरच काम करा.

टूलवर किती विश्वास ठेवायचा

२०११ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडात केसी अँथनी खटला चालला. क्लोरोफॉर्मविषयीचं एक पान घरच्या संगणकावर ८४ वेळा पाहिलं गेलं, असं सरकार पक्षाने ज्युरीपुढे मांडलं. आधार होता ब्राउझरचा इतिहास वाचणाऱ्या एका टूलचा. नंतर लक्षात आलं की टूलने जुन्या फायरफॉक्सची नोंद चुकीची वाचली होती. ते पान एकदाच पाहिलं गेलं होतं. ८४ हा आकडा दुसऱ्याच साइटचा होता. खुनाच्या खटल्यात एवढी मोठी चूक, आणि तीही कुणी खोटं बोलल्यामुळे नव्हे.

तुमच्या अहवालातला जो आकडा कुणाला तुरुंगात पाठवू शकतो, तो दुसऱ्या टूलने ताडा, आणि शक्य असेल तर हेक्समध्ये स्वतः मोजा. टूलची आवृत्तीही लिहा.

अहवाल

दर केसचा अहवाल लिहाच, सरावाची असली तरी. काय मिळालं, कोणत्या स्थितीत, काय विचारलं होतं, काय केलं, काय आढळलं, आणि कुठल्या मर्यादा आहेत. आढळ आणि मत वेगळ्या परिच्छेदांत ठेवा. “आढळ”मध्ये फाइलचा पूर्ण मार्ग, हॅश, वेळ. “मत”मध्ये त्याचा अर्थ आणि दुसरा संभवनीय अर्थही. शोधूनही न सापडलेल्या गोष्टीही लिहा. आरोपीच्या बाजूच्या असतील तर जास्तच ठळकपणे. तुम्ही पोलिसांसाठी काम करत असाल, तरी निष्कर्ष दोन्ही पक्षांसाठी सारखेच असले पाहिजेत.

मग विधी महाविद्यालयातल्या दोन-तीन विद्यार्थ्यांना बोलवा आणि त्यांना उलटतपासणी घ्यायला सांगा. त्यांना फायद्याचं, तुम्हाला त्याहून फायद्याचं. “तुम्हाला खात्री आहे का?” या प्रश्नाला “या माहितीच्या आधारे एवढंच सांगता येतं” असं शांतपणे म्हणणं सरावानेच जमतं.

संस्था

गांधीनगरच्या नॅशनल फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटीचा एक परिसर गोव्यात फोंड्याला आहे. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. प्रवेश घेण्याआधी माहितीपुस्तिकेपेक्षा लॅब बघा: विद्यार्थ्याच्या हातात राइट ब्लॉकर येतो का, अहवाल लिहून घेतात का, प्रयोगशाळेत प्रशिक्षणाची सोय आहे का.

प्रबंधासाठी एक मोकळं रान: देवनागरी

पदव्युत्तर प्रबंधासाठी मालवेअर आणि क्लाउड यांवर झुंबड असते. मराठी विद्यार्थ्याला एक विषय समोर पडलेला आहे: देवनागरी मजकुराचा शोध.

समजा जप्त डिस्कवर “बँक” हा शब्द शोधायचा आहे. ‘क’ हे अक्षर यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत ई० ए४ ९५ असे तीन बाइट घेतं, तर यूटीएफ-१६ मध्ये १५ ०९ असे दोन. शोध दोन्हींत घेतला नाही तर विंडोजच्या कित्येक नोंदी निसटतात. पुढे, कुणी “बँक” लिहितं, कुणी “बॅंक”. पडद्यावर जवळजवळ सारखं, बाइट वेगळे. “ॲप” मधला पहिला स्वर एकाच संकेताने लिहिता येतो किंवा ‘अ’ला अर्धचंद्र जोडून दोन संकेतांनी. “दऱ्या” मधला ऱ्य टंकायच्या दोन रीती आहेत. आणि सरकारी कार्यालयं, पतसंस्था, छापखाने यांच्या जुन्या संगणकांवर श्रीलिपीसारख्या किंवा सीडॅकच्या फॉन्टांत लिहिलेल्या फाइली आहेत. तिथे डिस्कवर देवनागरी नसतेच, इंग्रजी संकेत असतात आणि फॉन्ट त्यांना मराठीचं रूप देतो. अशा डिस्कवर युनिकोडमध्ये “कर्ज” शोधलं तर शून्य निकाल येतो, आणि तपास अधिकारी समजतो की काहीच नाही. शिवाय व्हॉट्सअॅपवर निम्मा महाराष्ट्र रोमन लिपीत मराठी लिहितो, आणि “कुठे आहेस” या दोन शब्दांची स्पेलिंगं प्रत्येक हाताची वेगळी.

सुरुवात लहान ठेवा. स्वतः लिहिलेल्या पन्नासेक मराठी वाक्यांचा एक संच घ्या. तो यूटीएफ-८, यूटीएफ-१६, एखादा जुना फॉन्ट आणि रोमन अशा चार रूपांत साठवा: वर्ड, पीडीएफ, मजकूर फाइल आणि एसक्यूलाइट यांत. काही फाइली डिलीट करा, काहींच्या जागी दुसरं लिहा. प्रत्येक वाक्य इमेजमध्ये नेमकं कुठल्या ऑफसेटवर (सुरुवातीपासून कितव्या बाइटवर) आहे ते आधीच नोंदवा. मग ऑटोप्सी आणि आणखी एका टूलचा शब्दशोध त्यावर चालवा, आणि कुठल्या रूपातलं कुठलं वाक्य कुणाला सापडलं नाही, याचा तक्ता करा. त्या तक्त्यातले रिकामे चौकोन तुमच्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण ठरवतील.